तिच्या माहेराचं विचारलंत का?

(पत्र तीन पानांचं होतं. जागेपुरतं आखडून देते आहे.)

"मी चौतीस वर्षांची, मानेवाड्याला राहते. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांच्या कागदांच्या पिशवीत आजोबांचा एम्प्रेस मिलचा पास निघाला. त्यावर अंगठा आहे आणि गावाच्या रकान्यात सौंसर लिहिलंय. तेव्हापासून आपली माणसं कोण, कुठली, हे शोधायचं डोक्यात बसलंय. आडनाव टाकून इंटरनेटवर पुष्कळ शोधलं, हाती काही लागलं नाही. चुलतभाऊ म्हणतो, वर्गणी काढून डीएनए टेस्ट करू. एक गृहस्थ पंधरा हजारांत भोसल्यांच्या काळापर्यंतची वंशावळ फ्रेम करून द्यायला तयार आहेत. सगळं ठाऊक असलेलं घरात एकच माणूस आहे, आजी. वय ८६. पण विषय काढला की म्हणते, 'कायले जुनं उकरून राहिली वं माय? मेले ते मेले.' आणि तोंडावर पदर घेऊन झोपते. काय करू?"
– एक नात

ताई,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. मास्तरकीची खोड जात नाही. मूळ तीन पानांत आजोबांच्या गावाचं नाव सात वेळा आलंय. आजोबांचे वडील कोण असतील, त्यांचे वडील कोण, गाव का सोडलं, सगळ्यावर तुमचे तर्क आहेत. पण हे सगळं ज्या बाईला विचारता आहात तिचं माहेर कुठलं, तिची आई कोण, ती किती भावंडांतली, याचा तिन्ही पानांत पत्ता नाही.

म्हणून आजी पदर का घेते ते मला थोडंफार समजल्यासारखं वाटतं. माझं चुकतही असेल. पण साठ-सत्तर वर्षं ती तुमच्या घरात राबली, आणि आता कुठे कुणीतरी वही-पेन घेऊन तिच्यासमोर बसलं, तर ते सासरच्या मेलेल्या पुरुषांची नावं विचारायला. मीही पदर घेतला असता.

तेव्हा आधी आजी. सौंसरची तहसील, छिंदवाडा जिल्ह्याचं दप्तर, अमेरिकन डीएनए कंपन्या हे सगळं मागून. कागद शंभर वर्षं दप्तरखान्यातल्या कापडी बस्त्यात पडलेत, अजून सहा महिने पडतील.

आणि तिला नावं विचारू नका. "आजोबांच्या आजोबांचं नाव काय?" हा परीक्षेतला प्रश्न झाला, येत नसेल तर माणूस लाजतं आणि गप्प होतं. घर विचारा. लग्न होऊन आली तेव्हा घराला दारं किती होती, चूल कुठल्या कोपऱ्यात होती, पाणी कुणाच्या विहिरीवरून आणायची. शेजारच्या घरात कोण राहायचं. आणि पोळ्याला दारात उभे राहायचे ते बैल आपले होते की दुसऱ्याचे? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर तुमचं पुढचं वर्ष ठरणार आहे. बैल स्वतःचे, म्हणजे वाहायला जमीन होती. जमीन होती, म्हणजे खसऱ्यात, शेतांच्या सरकारी नोंदवहीत, नाव असणार. आणि ती म्हणाली की "कायचे बैल, तुह्या आजोबाचा बाप सालदार होता," म्हणजे सालाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी, तर जमिनीच्या कागदांमागे पायपीट करण्यात अर्थ नाही; दुसऱ्या वाटेनं जावं लागेल. ती वाट पुढे सांगते.

सालं विचारायची तर तिच्या सालांनी विचारा. गांधीबाबा गेले तेव्हा तू केवढी होतीस? बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली त्या दसऱ्याला तुझं लग्न झालेलं होतं का? तो दसरा १४ ऑक्टोबर १९५६चा. नागपूरच्या आसपासच्या त्या वयाच्या माणसाला, कुठल्याही समाजाचं असो, तो आठवतो. त्याच्या मागेपुढे लग्न, पहिलं मूल, नागपुरात येणं अशी एकेक गोष्ट टांगता येते. लग्नाचं वऱ्हाड छोट्या लाईनच्या गाडीनं गेलं की बैलबंडीनं, हेही विचारा. सौंसर छिंदवाड्याच्या नॅरोगेज लाईनवरचं स्टेशन होतं. २०१५च्या शेवटी ती छोटी गाडी बंद झाली आणि रूळ मोठे झाले, पण आजीच्या वयाची माणसं इतवारी स्टेशनाचं नाव काढलं की अजूनही खुलतात. फोनचा रेकॉर्डर लावायचा तर तिला दाखवून लावा. वीस मिनिटं झाली की थांबा. दुसऱ्या दिवशी ती आपणहून सुरू करेल. बहुतेक वेळा असंच होतं.

या सगळ्याआधी मात्र तिच्या माहेराचं विचारा. शिष्टाचार म्हणून सांगत नाहीये, शोधाच्या दृष्टीनं सांगते आहे. मुली जवळच्या गावांत द्यायच्या, सुना जवळच्या गावांतून आणायच्या. आजीचं माहेर, तिच्या नणंदांची सासरं, मोठ्या जावेचं गाव अशी चार गावं कागदावर टिंबं करून मांडली, तर तुमच्या आजोबांचं घर त्या टिंबांच्या मधे कुठेतरी सापडतं. पासवर सौंसर आहे खरं. पण गिरणीच्या फाटकावर गाव विचारलं की माणूस जवळचं मोठं नाव सांगायचा. खरं गाव तिथून दोन कोसांवरची चाळीस घरांची वस्तीही असू शकते. पुरुष तालुका सांगतात, बायका गाव सांगतात, हे मी शाळेत पालकांची नावं लिहिताना शेकडो वेळा पाहिलंय.

एक गोष्ट जरा जपून सांगते. आजी गप्प राहते त्याला कारण असू शकतं. पहिली बायको वारली म्हणून ही आली, पाट लागलेला होता म्हणजे तिचं हे दुसरं लग्न, एखादं मूल दुसऱ्यांचं वाढवलं, भावांमध्ये मारामारी होऊन एक जण तुरुंगात गेला. असल्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत आणि कागदात त्या सापडतातही. सापडल्या तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची घाई करू नका. आजी असेपर्यंत तरी ती गोष्ट तिची आहे. ती नाही म्हणाली तर नाही.

आता कागदांकडे वळू. घरातून सुरुवात करा. पास सापडला ती पिशवी झाली, पण पत्र्याची ट्रंक राहिली असेल. जुनं रेशन कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, लग्नपत्रिका, बाबांची टी.सी. लग्नपत्रिकेला लोक रद्दी समजतात. तिच्यात खाली "आपले विनम्र" म्हणून जी वीस-पंचवीस नावं असतात ना, ती आयती भावकी असते, गावासकट.

मग भावकीत फोन फिरवा आणि एकच विचारा: आपल्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, झाली आहे का? नागपुरात जुन्या नोंदींमागे धावणाऱ्यांतले फार थोडे पूर्वजांच्या प्रेमानं धावत असतील. बाकीचे पोराच्या इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनसाठी धावतात. जात पडताळणीला वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि जुने पुरावे जोडावे लागतात. अनुसूचित जातींना १९५०च्या आधीचे, भटक्या-विमुक्तांना १९६१च्या, इतर मागासवर्गाला १९६७च्या. ज्या चुलत-चुलत काकानं आपल्या मुलासाठी हे सव्यापसव्य केलंय त्याच्या कपाटात एक जाड फाईल असते. त्या फाईलीत तुमचं निम्मं काम झालेलं असू शकतं. काका ती सहजासहजी हातातून सोडणार नाहीत. त्यांच्या घरी जाऊन चहा प्या आणि तिथेच फोटो काढून घ्या.

टी.सी.बद्दल मला बोलण्याचा अधिकार आहे, कारण अठ्ठावीस वर्षं शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे पोरं आली-गेली त्याची नोंदवही, माझ्या हाताखाली होतं. ही गोष्ट जरा लाजतच सांगते: त्यातल्या जन्मतारखांवर फार विसंबू नका. बाई पोराला शाळेत घेऊन यायची, म्हणायची, "ज्वारी काढणीला आली तवा झाला." मी दात पाहायची, पोराला उजव्या हातानं डोक्यावरून डावा कान धरायला लावायची आणि १ जुलै टाकून मोकळी व्हायची. आडनावांचंही तेच. माझ्या आधीच्या गुरुजींच्या रजिस्टरात मी सख्ख्या दोन भावांची दोन आडनावं पाहिली आहेत. एकाला बापानं सांगितलेलं, दुसऱ्याला गुरुजींनी गावाच्या नावावरून दिलेलं. दोघांचे नातू आज एकमेकांना नातेवाईक समजत नसतील. तरी दाखल-खारीज पाहाच, कारण त्यात बापाचं नाव, जात, आधीची शाळा आणि राहण्याचं गाव असतं. शाळेत जाऊन हेडमास्तरांना अर्ज द्या आणि परीक्षांचे दिवस टाळा.

आडनाव टाकून काही सापडलं नाही असं लिहिलंत, त्याचं उत्तरही इथेच आहे. जुन्या कागदांत आडनावच नसतं. मध्य प्रांतातल्या, म्हणजे इंग्रजांच्या वेळी नागपूर-छिंदवाडा ज्यात होतं त्या प्रांतातल्या, कागदात माणूस असतो तो "गोमा वल्द पांडू", पुढे जात, पुढे गाव. झालं. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. तिकडे पुण्या-साताऱ्याच्या जुन्या कागदांत त्याच जागी "बिन" असतं, आणि बायकोसाठी "कोम". आपल्याकडे बायकोला "जौजे", विधवेला "बेवा". हे चार-पाच शब्द पाठ असले की पानं आपोआप बोलायला लागतात. आणि पाठ नसले की काय होतं, ते माझ्यावरून ऐका.

माझ्या सासऱ्यांच्या आजीचा शोध मी घेत होते. तहसिलीतून एक नक्कल मिळाली, त्यात ओळ होती: "मु. पुनी बेवा लखमा". मी शिकलेली बाई, मु. म्हणजे मुक्काम, हे पोस्टकार्डावर हजारदा लिहिलेलं. मी पुनी नावाचं गाव शोधायला लागले. नकाशे पाहिले, दोन पटवाऱ्यांना विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं. दोन महिने. शेवटी तहसिलीच्या बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या अर्जनविसाला तो कागद दाखवला. त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "मॅडम, हे गाव नाही, बाई आहे." मु. म्हणजे मुसम्मात. फारसी दफ्तरातून आलेला, बाईच्या नावाआधी लावायचा शब्द. पुनी ही लखम्याची विधवा होती आणि जिला मी शोधत होते ती हीच. दोन महिने ती माझ्या पिशवीतच होती.

तो कागद कोतवाल बुकाचा होता. सालदाराच्या घराची वाट म्हणत होते, ती हीच. गावातल्या जन्म-मृत्यूची खबर कोतवालानं ठाण्यावर द्यायची आणि तिथल्या मोहरिरानं, म्हणजे कारकुनानं, ती लिहून घ्यायची, अशी इंग्रजी अमदानीत इकडची पद्धत होती. जमीन असो नसो, शाळेत गेलेला असो नसो, जन्मला आणि मेला एवढं तरी प्रत्येकाचं लिहिलं जायचं. निदान जायला हवं होतं. कोतवाल बहुधा निरक्षर, लिहिणारा बहुधा हिंदी वळणाचा. त्यामुळे लक्ष्मणाचा लखमा होतो, श्यामरावाचा सामा होतो, पांडुरंगाचा पांड्या. आणि बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच. बारसं झालेलं नसायचं, म्हणून नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" आणि पुढे बापाचं नाव. आजोबांच्या नावानं शोधाल तर आजोबा सापडणार नाहीत. आजोबांच्या बापाला झालेला "मुलगा" शोधा, आणि अंदाजाच्या सालाच्या मागेपुढे चार-पाच वर्षं मागा.

मृत्यूच्या पानावर कारणाचा रकाना असतो. त्यात ताप, हगवण, देवी, पटकी असे चारच शब्द फिरत असतात. १९१८च्या पावसाळ्यानंतरची पानं मिळाली तर जरा मन घट्ट करून वाचा. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीत मध्य प्रांतात माणसं फार मेली. मी पाहिलेल्या एका पानावर वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप, आणि गाव एकच. एकाच बापाच्या नावापुढे आठवड्यात तीन ओळी होत्या. त्या पानाचा फोटो माझ्याकडे नाही. काढावासा वाटला नाही.

आता तुमची खास अडचण. सौंसर आज मध्य प्रदेशात आहे. तुमचे आजोबा आले तेव्हा राजधानी नागपूर होती आणि सौंसर, नागपूर एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, आपण मुंबई राज्यात गेलो आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. माणसं मराठीच बोलत राहिली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमारही होत राहिली, फक्त कागद सरहद्दीपलीकडे गेला. त्यात नवी भर म्हणजे २०२३च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. नवा जिल्हा झाला की जुने बस्ते कुठे आहेत हे विचारत दोन दारं हिंडावी लागतात. माझं ऐकाल तर आधी छिंदवाड्याच्या जिल्हा अभिलेखागारात विचारा, मग सौंसर तहसिलीत. जाण्याआधी फोन करा. अर्ज हिंदीत लिहा. गाव, पटवारी हलका (गाव ज्या तलाठ्याच्या हद्दीत येतं ती हद्द), अंदाजे सालं आणि बापाचं नाव द्या. "वंशावळ हवी आहे" असं लिहू नका, कारण वंशावळ नावाचा कागद त्यांच्याकडे नसतो. "अमुक गावाचं मिसल बंदोबस्त" किंवा "अमुक साली अधिकार अभिलेख" असं मागितलं की समोरच्याला कुठलं फडकं सोडायचं ते कळतं.

मिसल म्हणजे बंदोबस्ताच्या, जमीन मोजून सारा ठरवायच्या, वेळी गावागणिक बांधलेली फाईल. इकडे मालगुजारी होती; गावाचा सारा सरकारात भरणारा मालगुजार एक आणि कास्तकार त्याच्याखाली. ती पद्धत १९५१मध्ये गेली. त्याआधीच्या कागदात कुळं कोण, कुणाकडे किती, हे दिसतं. वाजिब-उल-अर्ज म्हणून एक कागद असतो, त्यात गावाचे रिवाज लिहिलेले असतात: जळण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, मेलेलं जनावर कुणी ओढायचं. त्यात तुमच्या पणजोबांचं नाव नसेल, पण ते कसे जगत होते ते असेल. वंशाच्या झाडापेक्षा मला तो कागद जास्त आवडतो. पण हे माझं मत झालं.

आणि आजीचं माहेर जर काटोल-नरखेडकडचं निघालं, तर काम पुष्कळ सोपं. महाराष्ट्रानं काही जिल्ह्यांचे जुने जमीन अभिलेख स्कॅन करून "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर ठेवलेत. घरबसल्या खातं उघडून थोडी फी भरून पाहता येतात. शिवाय २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्तानं राज्यातली दप्तरं उघडली गेली. कोतवाल बुकं, दाखल-खारीज, खरेदीखतं, अगदी तुरुंगाची आणि दारूच्या परवान्यांची रजिस्टरंसुद्धा. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या आहेत. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, एका ओळीसाठी पान स्कॅन झालं की त्या पानावरचे शेजारीही आयते मिळतात.

मोडी लिपीची भीती लोक उगाच घेतात. तुमच्या शोधात मोडी लागलीच तर भोसल्यांच्या काळाच्या किंवा नंतरच्या एखाद्या खतात लागेल. बाराखडी महिन्याभरात जमते. एक सलग रेघ आधी ओढून तिला अक्षरं लोंबकळवलेली असतात आणि शब्दांत फट नसते, म्हणून वाचायला सराव लागतो. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं आणि त्याचं कार्यालय नागपुरातही आहे. तिथे एकदा चक्कर मारा, शोध नसला तरी.

तीर्थाच्या वह्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेलच. त्र्यंबक, नाशिक, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या उपाध्यांकडे यजमानांच्या पिढ्यानपिढ्यांच्या नोंदी असतात हे खरं आहे. गाव आणि जात सांगितली की तुमचा उपाध्या कोण ते कळतं. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या वह्यांचे फोटो अमेरिकेतल्या युटाच्या संस्थेनं घेतले आणि ते फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. नाव टाकून शोधायचा हट्ट मात्र धरू नका, तिथे पानं उलटत बसावं लागतं. पण आधी हा विचार करा: वहीत नाव यायचं तर तीर्थाला जायची ऐपत लागायची आणि काही समाजांना तर मुभाच नव्हती. गिरणीत अंगठा देणाऱ्या माणसाच्या बापाकडे गयेचं भाडं होतं का? आजीला विचारा, कुणाच्या अस्थी कुठे नेल्या. रामटेकला अंबाळ्यावर म्हणाली तर गयेचं तिकीट काढू नका.

खानेसुमारीचंही तसंच. "इंग्रजांनी दर दहा वर्षांनी सगळ्यांची नावं लिहून घेतली होती ना?" असं लोक विचारतात. घेतली होती. बेरजा छापल्या, नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्या नाहीत. १९४८च्या कायद्यानं तर जनगणनेतली वैयक्तिक माहिती कुणालाच दाखवत नाहीत. आता २०२७ची जनगणना मोबाईलवर होणार, जातही विचारणार, पण तुमच्या पणतीला त्यातून तुमचं नाव मिळायचं नाही. तिच्यासाठी काही ठेवायचं तर वहीतच लिहून ठेवा.

चुलतभावाला सांगा, वर्गणी जपून ठेव. डीएनए चाचणीतून सौंसरजवळचं गाव निघत नाही. तुमच्यासारखेच आणखी किती लोक त्या कंपनीच्या यादीत आहेत, यावर जुळणारे नातेवाईक मिळणं अवलंबून असतं, आणि आपल्याकडच्या माणसांची संख्या तिथे अगदी कमी. टक्केवारीचा रंगीत नकाशा मिळेल, तो दिवाणखान्यात चांगला दिसेल. त्या धंद्यातली २३अँडमी ही मोठी अमेरिकन कंपनी. २०२३मध्ये तिच्याकडची लाखो लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५च्या मार्चमध्ये ती दिवाळखोरीत गेली. मग लोकांनी चाचणीसाठी दिलेल्या थुंकीचं काय होणार यावर तिकडे कोर्टात वाद झाले. थुंकी तुमची, पण तिच्यात आत्याही असते आणि काकाही. त्यांना विचारलंय का कुणी?

आणि फ्रेमवाले गृहस्थ. त्यांना घरी बोलवा, पाणी द्या आणि सांगा: दर पिढीला एक कागद दाखवा. कुठल्या दप्तरातला, कुठल्या सालचा, कुणाच्या नावाचा. तीन पिढ्या दाखवल्या तर तीन पिढ्यांचे पैसे द्या. भोसल्यांच्या सरदारापर्यंत एका उडीत नेणाऱ्यांच्या यादीत मधली शंभर-सव्वाशे वर्षं नेहमी धुक्यात असतात, आणि गंमत अशी की या धंद्यात अजून कुणाचाच पूर्वज सालदार निघालेला नाही. काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत, मेहनतीनं केलेले आहेत. पण ते बहुतेक लिहित्या-वाचत्या आणि इनामदार घरांचे. तुमच्याआमच्या घरांचा कुलवृत्तांत कोतवालानं तोंडी सांगितला आणि मोहरिरानं अर्धवट ऐकला. तोच शोधायचा आहे.

रविवारी सकाळी जेवणं व्हायच्या आधी बसा. त्या वेळी म्हाताऱ्या माणसांना हुशारी असते. वही उघडू नका, तिच्या हातात निवडायला मेथी द्या. आजोबांचा विषय काढू नका. विचारा, "आजी, तुझ्या आईला तिच्या माहेरी काय म्हणायचे?" काही नाव आलं तर तेवढंच घ्या आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन मग लिहा. तारीख घाला. गाव कळलं की मला कळवा. तालुका शोधायला मी मदत करते, पटवाऱ्यांची आणि कंडक्टरची गरज पडणार नाही.

ता. क. बाबांच्या टी.सी.वर १ जुलै असेल तर आम्हा मास्तरांना शिव्या घालू नका. त्या दिवशी वर्गात साठ पोरं होती.